मामा रडले पाहिजेत

कावळा डोक्याला शिवला की माणूस मरतो, असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. आमचं घर सुधारलेलं आहे. आमच्याकडे एवढंच म्हणतात, की शिवलाच असेल तर उपाय करून टाकावा, उगाच कशाला.

उपाय सोपा आहे. ज्याला कावळा शिवला तो मेला, अशी खोटी बातमी जवळच्या नातेवाइकाकडे पाठवायची, शक्यतो मामाकडे. तिकडे रडारड झाली की मरण फसतं आणि आल्या पावली परत जातं. मग दुसरा निरोप धाडायचा, की बातमी खोटी होती, पोरगा ठणठणीत आहे. तिकडचे लोक शिव्या घालतात, चहा घेतात आणि विषय संपतो. अट एकच, रडणं खरं पाहिजे. आधी सांगून ठेवलं तर उपाय वाया. म्हणजे यमाला फसवायचं तर आधी मामाला फसवावं लागतं, आणि आमचे मामा यमापेक्षा अवघड आहेत.

ही गोष्ट मुंबईत स्फोट झाले त्या दिवसाची. तेव्हा मोबाईल घरोघरी आले होते, पण त्यावर फोटो फिरवायची सोय अजून आमच्याकडे पोचली नव्हती, म्हणून पुष्कळ गोष्टी थोडक्यात निभावल्या. मी अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टी होती म्हणून बार्शीटाकळीला मावशीकडे गेले होते. मावशीचा फुलांचा धंदा. घरामागच्या तुकड्यात झेंडू आणि शेवंती, आणि बाजारात बसायची ठरलेली जागा. काका गेल्यापासून ती एकटीच सगळं बघते. तिचा एकुलता एक मुलगा मुंबईला फुलांच्या आडत्याकडे कामाला लागला होता. आईनं फुलं विकून बी.कॉम. केलेल्या मुलानं काय करावं, तर मुंबईला जाऊन फुलंच विकावीत, असं मी एकदा बोलून गेले होते. मावशी कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती.

त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलताना त्यानं सहज सांगितलं, की काल बाजारात टोपली उचलत होतो तर कावळा डोक्यात टोच मारून गेला. तो हसत होता. मुंबईचे कावळे काय, माणसाला मोजत नाहीत. मावशी मात्र हसली नाही. फोन ठेवला आणि देवळीतल्या देवाकडे बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, की हिवरखेडला भावाला फोन कर.

मी चिडले. चिडायला मला फार लागत नाही. मागच्याच महिन्यात आमच्या शाळेत मी अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं आणि त्याबद्दल शाल आणि नारळ मिळाला होता. नारळाची चटणी झाली, पण शाल अजून कपाटात होती. मी मावशीला योगायोग म्हणजे काय, कार्यकारणभाव म्हणजे काय, हे सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुह्यं भाषन बराबर आहे वं माय," ती म्हणाली. "पन एक फोन केल्यानं तुह्यं काय जाते? मायच्या तोंडून असं निंगू नाही, नाही तं मीच केला असता."

जेवणं झाल्यावर मी फोन लावला.

मामांची हिवरखेडला केळीची बाग आहे. मामा रडल्याचं कोणी पाहिलेलं नाही. आमची आजी गेली तेव्हा सगळं घर ऊर बडवत होतं आणि मामा अंगणात लाकडं ओली का आणली म्हणून भांडत होते. तेव्हा ते मला दगडच वाटले होते. मी घसा खाकरला आणि शाळेच्या नाटकात बोलावं तसं बोलले, की मामा, वाईट बातमी आहे, मुंबईहून फोन होता, आपला पोरगा गेला. मग मामा "बरं" म्हणाले आणि फोन कट झाला.

"रडला काय?" मावशीनं विचारलं.

मी म्हटलं, "बरं" म्हणाले. मावशीला आधी खरं वाटेना, मग तिला राग आला. भाचा मेला आणि हा माणूस बरं म्हणतो! मुलगा जिवंत आहे, बातमी आपणच पाठवली, हे सगळं विसरून ती मनापासून भावावर रागावली होती. त्याच्या लग्नात आपण किती राबलो इथपर्यंत ती गेली. मग तिनंच निकाल दिला. रडणं झालं नाही म्हणजे उपाय लागू झाला नाही. आत्ताच खरं सांगायचं नाही. तो घरात सांगेल, मामी रडेल, मामी रडली की तोही रडेल. तोवर चहा होऊ दे.

म्हणून आम्ही चहा केला. तो चहा मला अजून आठवतो, फार गोड झाला होता.

कप विसळायच्या आत शेजारची चाची आली. चाची आणि मावशी यांची भिंत एकच आहे. मावशीच्या झेंडूची माळ तिच्या दारात लागते आणि तिच्या ईदचा शीरखुर्मा मावशीच्या फळीवर असतो. चाची म्हणाली, टीव्ही लाव. लावला. मुंबईत स्फोट झाले होते, गर्दीच्या बाजारात. एक उलटी हातगाडी, रस्त्यावर पडलेल्या चपला आणि पळणारी माणसं, एवढंच पुन्हा पुन्हा दाखवत होते. खाली पट्टीवर बाजाराचं नाव फिरत होतं. तोच बाजार.

मावशीनं टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मुलाचा नंबर लावला. एक बाई गोड आवाजात सांगत होती, की या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. मी पुन्हा लावला. कार्यकारणभाव मला तोंडपाठ होता आणि तरी माझ्या मनात एकच होतं, की मी बोलले आणि झालं.

मग मी मामांना फोन केला आणि घाईघाईनं सगळं खरं सांगून टाकलं. कावळा, टोच, मावशीचा हट्ट, सगळं. मामांनी ऐकून घेतलं.

"टीव्ही पायला म्या," ते म्हणाले. "तू घाबरू नको, आमी निंगालो. पन तिच्यासमोर हे कावळ्याचंच चालू ठेव. बरं सुचलं तुले."

म्हणजे मामा जे खरं समजून बसले होते ते खोटं होतं, जे खरं होतं ते त्यांना खोटं वाटलं होतं, आणि ते खोटं मी फार हुशारीनं रचलं म्हणून ते माझं कौतुक करत होते. आणि खरं काय होतं, हे तरी आता मला कुठे माहीत होतं?

हिवरखेडहून बातमी निघाली ती सगळ्या गोतावळ्यात गेली. अमरावतीला नांदगाव पेठेच्या कापडगिरणीत आमचा एक मामेभाऊ आहे, त्यानं कामावरून सुट्टी काढली आणि वाटेतूनच मावशीला सांत्वनाचा फोन केला. त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. मावशीचा फोन थांबेना. ती प्रत्येकाला सांगत होती, अरे तसं काही नाही, कावळा शिवला होता म्हणून आम्हीच खोटं कळवलं. पलीकडचा माणूस म्हणायचा, आत्या, तुम्ही धीर धरा.

घर भरलं. बायका मावशीभोवती बसल्या. ती कावळ्याचं सांगू लागली की त्या एकमेकींकडे बघायच्या. एकीनं तिच्या टाळूवर तेल घातलं, धक्का डोक्यात गेला म्हणून. बाहेर ओसरीवर पुरुषमंडळींनी तोवर युद्ध सुरू केलं होतं. ज्यांच्या तोंडून तलाठ्यासमोर शब्द फुटत नाही, ते शत्रूची शहरं कोणत्या क्रमानं बेचिराख करायची ते ठरवत होते. चाची पाण्याची घागर घेऊन त्यांच्यातून गेली तेव्हा मात्र युद्ध जरा थांबलं. ती आत गेली की आवाज पुन्हा चढला, थोडा जास्तच. चाची न्हाणीच्या दाराशी बसली आणि आपल्या फोनवरून मावशीच्या मुलाचा नंबर लावत राहिली. कोणी तिला लाव म्हटलं नव्हतं. खरं तर त्या भरल्या घरात, मुलगा कदाचित जिवंत असेल हे गृहीत धरून काही करत असलेली ती एकटीच होती.

चौकातली पोरं मेणबत्त्या आणायला गेली. दुकानात वाढदिवसाच्याच उरल्या होत्या, त्या आणल्या. मग एक कार्यकर्ता माझ्याकडे मुलाचा फोटो मागायला आला. फ्लेक्स करायचा होता. पासपोर्ट साइज चालेल म्हणाला, कारण वर नेत्यांचे फोटो मोठे घ्यायचे होते. मी त्याला जे बोलले ते शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, ताई, तुमचं दुःख समजून राहिलो मी.

त्यानंतर वार्ताहर आला. त्याचं मुख्य काम खतांच्या दुकानाचं. तालुक्याचा माणूस स्फोटात सापडला ही त्याच्या आयुष्यातली पहिली मोठी बातमी, त्यामुळे तो मनापासून दुःखी आणि मनापासून खुश होता. त्यानं विचारलं, बातमी तुम्हाला कधी कळली. कोणीतरी म्हणालं, हिवरखेडला तर जेवणं झाल्या झाल्याच फोन गेला. त्यानं मनात हिशेब केला आणि पेन थांबवलं.

"पन स्फोट तं त्याच्या मांगून झाला, मॅडम. तुमाले अगोदर कसं मालूम?"

ओसरीवरचं युद्ध थांबलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. अंधश्रद्धेवर शाल मिळालेल्या बाईनं मग भरल्या घरात, मोठ्या आवाजात, कावळ्याचा उपाय पहिल्यापासून समजावून सांगितला. त्यानं मान डोलवली आणि काहीच लिहून घेतलं नाही.

दिवस कलता कलता मामा आले. टोपी हातात, चेहरा कोरा. मामी मागून रडत आली, तिचं वाटेतच बरंचसं रडून झालं होतं. मामा सरळ आत गेले, बहिणीसमोर बसले आणि ठरल्याप्रमाणे म्हणाले, काळजी करू नको, पोरगा मजेत आहे, कावळा शिवला म्हणून आपणच खोटं केलं. सगळ्या घरात तेवढाच एक माणूस तिचं म्हणणं तिलाच सांगत होता, आणि त्याचाच त्यावर विश्वास नव्हता. मावशीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा धीर सुटला.

"भाऊ, तूच असं म्हनून राहिला, म्हंजे तो गेलाच," ती म्हणाली. "म्या मरनाची बातमी धाडली माह्या लेकराची. म्याच धाडली."

मामा उठून न्हाणीकडे गेले, तोंडावर पाणी मारायला. तिथे चाचीच्या हातातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. चाचीनं ऐकलं आणि लगेच फोन जवळच्या माणसाच्या हातात दिला. ते मामा होते.

मामा म्हणाले, कोण. मग हो म्हणाले. मग दोनदा हो म्हणाले. आणि तिथेच ओल्या फरशीवर खाली बसून मोठ्यानं रडायला लागले. त्यांना रडता येत नसावं, कारण ते फार विचित्र रडत होते, खोकल्यासारखं. मामा रडले म्हटल्यावर घरात आकांत झाला. आता खात्रीच पटली होती. मेणबत्त्या पेटल्या. मी बायकांच्या अंगावरून गेले आणि मामांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"ताई, मामाले काय झालं?" मावशीचा मुलगा विचारत होता. "अन मायचा फोन कावून लागत नाही? कवापासून लावून राहिलो, बिझीच येऊन राहिला."

स्फोटाचं ऐकून रस्त्यावर पळापळ झाली, त्यात त्याचा फोन कुठेतरी पडला होता. आडत्यानं त्याला दुपारी लग्नाच्या हॉलवर हार पोचवायला पाठवलं होतं, म्हणून तो बाजारात नव्हता. लाइन सुरू झाल्यापासून तो एका दुकानातून आईला फोन करत होता. पण आईला त्याच्या मरणाचं सांत्वन करणाऱ्यांनी तो लागू दिला नव्हता. शेवटी त्याला चाचीचा नंबर आठवला.

मी फोन मावशीच्या कानाला लावला. ती नुसती ऐकत राहिली. जेवला का, एवढंच विचारलं.

मग घरात चहा झाला, खूप झाला. लोक हसले, मामीनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. पोरांनी मेणबत्त्या विझवून पुन्हा पाकिटात भरल्या. वार्ताहर बराच वेळ दाराशी घुटमळला आणि गेला. चौकातला फ्लेक्स फुकट गेला नाही, त्यावर श्रद्धांजली तशीच राहिली, फक्त आमच्या मुलाच्या जागी आणखी एक नेता आला. आणि उपाय लागू पडला यावर सगळ्यांचं एकमत झालं. मामा रडले, पोरगा वाचला. कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. अजूनही त्या बाजूला कोणाला कावळा शिवला तर मला फोन येतो. म्हणतात, मॅडमची जीभ उपायाला चांगली आहे.

दिवेलागणीला घर रिकामं झालं. मामा, मावशी, चाची आणि मी, एवढेच उरलो. टीव्ही चालूच होता. मामा आता उपायाचा महिमा सांगत होते, स्वतःच्या रडण्यासकट. मावशी ऐकत नव्हती. मुलानं तिला फोनवर सांगितलं होतं, की त्यांच्या आडतीवरचा हमाल स्फोटात गेला. हारांची टोपली त्यानंच याच्या डोक्यावर ठेवली होती.

"त्याची माय असन ना कुठं," मावशी म्हणाली.

मामांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली.

"तिलेही आज फोन गेला असन. तीबी दुसऱ्या फोनची वाट पाहून राहिली असन."

चाचीनं उठून टीव्ही बंद केला.