दुखणं मानेत होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतो — सांगायला घेतलंय, तर थांबणार नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. साताऱ्याहून मैसूरला आलो, कुवेंपुनगरात दवाखाना टाकला. सरोजाबाई माझ्याकडे आल्या त्या मी मराठी बोलतो म्हणून. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मैसूरच्याच विजयनगर भागात ब्लाऊज शिवायच्या. उजवा हात वर जात नव्हता. खांदा आखडलेला दिसला आणि मी सांगून टाकलं — फ्रोझन शोल्डर. मान तपासलीच नाही. पाच मिनिटांचं काम — का नाही केलं? बाहेर चार पेशंट बसले होते. एवढंच.

तीन महिने त्यांनी कप्पीवरची दोरी ओढली. खांदा बराचसा सुटला, हातातली कळ जाईना. म्हणायच्या, "नोडी अण्णा, बघा ना, ही दोन बोटं झोपूनच असतात." मी विचारायचो, घरी व्यायाम करता ना? "देवाशपथ करते!"

मग एक दिवस त्या बाहेरच्या बाकावर हात डोक्यावर ठेवून बसलेल्या दिसल्या. शेजारचीनं टोमणा मारला, "काय गं, सवत आली की काय घरात?"

"अय्यो, असं ठेवलं की कळ थांबते बघ."

मी दारातच उभा होतो. आणि मला कळलं. हात वर घेतला की मानेतल्या दबलेल्या शिरेवरचा ताण सैल होतो. मानेच्या मणक्यांमधली गादी सरकली होती. खांदा नुसता हात न हलवल्यामुळे आखडला होता.

त्याच दिवशी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं. पण मग तीन महिने चुकलो, हे कबूल करावं लागलं असतं — नाही का? मी फाइलमध्ये लिहिलं, 'घरी व्यायाम करत नाही.' त्यांच्या यजमानांना बोलावून तेच सांगितलं. ते माझ्यासमोर त्यांच्यावर ओरडले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी दोरीची गाठ नीट करत होतो.

आणखी दोन महिने गेले. एका सकाळी कात्री मिटली, ती बोटांना उघडेना. पुढे ऑपरेशन झालं. कळ गेली, बोटांतलं बळ अर्धंच परतलं. शिवण सुटली ती सुटलीच.

मागच्या वर्षी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "मीच कुठे कमी पडले असेन, अण्णा. तुम्ही तर सांगत होता." मी म्हणालो, असू दे आता. म्हणजे — वर मीच त्यांना माफ केलं.

त्या रोज व्यायाम करत होत्या. दुखणं मानेत होतं, आणि मला ते माहीत होतं. एवढं त्यांना, त्यांच्या यजमानांसमोर सांगणं, मी अजून देणं लागतो.