तारलीसाठी घर

कोणतंही घर दाखवलं की तांडेल आधी मागच्या दारात जाऊन उकिडवे बसायचे. हात गुडघ्यांवर, मान पुढे, डोळे अंगणावर. नळाला पाणी कधी येतं, ओटा कुठल्या बाजूला आहे, याची काही चौकशी नाही. मी किल्ल्या घेऊन मागे उभी.

"तांडेल, स्वयंपाकघर तरी बघा."

"माणसाचं मग बघू, बाय. आधी हिचं."

ही म्हणजे तारली. पिल्लू असताना मासळीच्या टोपलीत सापडलेली, तारलीसारखीच चपटी आणि चकचकीत, म्हणून ते नाव. आता म्हातारी झालेली, मागच्या एका पायाने लंगडणारी. तीही त्यांच्या शेजारी बसून तेच बघायची.

रत्नागिरीत घरं दाखवणं हा माझा धंदा. तुम्ही कधी भाड्याचं घर शोधलं असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, लोक काय बघतात. पाणी, मोबाइलची रेंज, गाडी लावायला जागा. कुत्रीच्या उंचीवरून घर बघणारं गिऱ्हाईक मला हे एकच मिळालं.

उभा जन्म मिरकरवाड्याच्या बोटींवर गेलेला माणूस. तांडेल म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा. वादळातून बोट परत आणल्याच्या त्यांच्या गोष्टी दुसरेच सांगायचे, ते स्वतः हात झटकायचे. पण ऊन कलायला लागलं की हाच माणूस माझं बोलणं अर्ध्यात तोडायचा. "चल बाय, उजेडाचं घरी जाऊ."

भीतीचं कारण साधं होतं. ते राहायचे गावाबाहेर, काजूच्या बागेला लागून. तेव्हा कुत्री दोन होती, तारली आणि बाळ्या. आपल्याकडे दिवेलागणीला कुत्रं पडवीत बांधतात, राखणीला. त्यांनीही बाळ्याला बांधलं आणि आत जेवायला बसले. भुंकणं नाही, केकाटणं नाही. साखळी एकदाच वाजली. ते बाहेर आले तेव्हा साखळी जागेवर होती आणि साखळीला पट्टा होता. पट्ट्याचं बक्कल लागलेलंच होतं.

त्या दिवसापासून तारलीला त्यांनी कधी बांधलं नाही. आणि बिबट्या हा शब्द तोंडातून काढला नाही. 'तो' म्हणायचे, तेही खालच्या आवाजात. तारली अंगणात जाईना, नीट खाईना. घर बदलायचं ठरलं ते तिच्यासाठी.

कुवारबावला एक फ्लॅट बघितला. सोसायटीचे चेअरमन जिन्यातच आडवे आले. "लिफ्टमध्ये कुत्रा चालणार नाही."

"चालणार नाय ती. मी उचलून नेईन," तांडेल म्हणाले.

चेअरमन हसले नाहीत. मी हसले, पण फ्लॅट गेला.

मग एका घरी विहिरीला कठडा नव्हता, म्हणून नको. एका घरी खिडकीच्या गजांमधलं अंतर जास्त. तांडेलांनी त्यातून दंड घालून बघितला, खांद्यापर्यंत गेला. "मी जातो तर तोही येतो." शेवटी मी वैतागले.

"तांडेल, तुम्हाला काय किल्ला हवाय?"

"हाय का तुझ्याकडे?"

किल्लाच सापडला म्हणायचा. शिरगावच्या टोकाला चिऱ्याचं घर, मालक मुंबईला. मागे छोटं अंगण आणि अंगणाच्या पलीकडे सरळसोट चिऱ्याची भिंत, दोन पुरुष उंच. तांडेल मागच्या दारात बसले, भिंत बघितली, आणि पहिल्यांदाच उठून स्वयंपाकघरात गेले. तारली मात्र बसूनच होती, मान वर करून.

"काय बघतेय ती?" मी विचारलं.

"कावळा असेल."

तांडेल तिथे राहायला गेले, आणि पंधरवड्याने दुसरी किल्ली द्यायला मी गेले. संध्याकाळच होती. तांडेल स्वयंपाकघरात उभे होते, मागचं दार सताड उघडं. तारली त्यांच्या पायांमध्ये शिरून थरथरत होती.

"बाय, फसलो," ते म्हणाले. "आता वरच्या रस्त्याने मागल्या बागेत जाऊन आलो. वरनं ही भिंत गुडघ्याएवढीच हाय."

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. आपल्याकडे उतार कापून त्यात घर बसवतात. खालून जी भिंत दिसते, ती खरं तर कापलेला डोंगर. वरची बाग थेट भिंतीच्या माथ्याला येऊन टेकते. आम्ही दोघेही इथेच जन्मलेले, आणि दोघांनीही घर फक्त खालून बघितलं होतं.

"मग दार लावा ना आधी!"

"तेच करत होतो, तर तू आलीस."

दार बाहेर उघडणारं. उघडं राहावं म्हणून बाहेरच्या भिंतीतल्या आकड्याला अडकवलेलं. मी वाकून बघितलं. भिंतीच्या माथ्यावरून दोराचा एक तुकडा खाली लोंबत होता.

"तो दोर कुणी सोडलाय?"

आयुष्यभर दोर हाताळलेला माणूस, तो दोर नव्हे हे त्यांना माझ्याआधी कळलं. मग दोराचं टोक हळूच वर वळलं आणि पुन्हा खाली आलं.

मी बरीच भांडणं निस्तरलेली बाई आहे, सहसा घाबरत नाही. त्या वेळी मला माझ्या हातातल्या किल्ल्या वाजताना ऐकू येत होत्या आणि त्या थांबवता येत नव्हत्या.

"हिला धर," तांडेल पुटपुटले. मी तारलीला दोन्ही हातांनी आवळलं. तिचं काळीज माझ्या मनगटावर आपटत होतं. तांडेलांनी एक पाय आत ठेवला आणि उरलेलं सगळं अंग बाहेर काढलं. आकडा गंजलेला. एकदा ओढला, निघेना. दुसऱ्यांदा ओढला. वरून चार सुकी पानं अंगणात पडली. त्यांनी वर बघितलं नाही. तिसऱ्यांदा आकडा सुटला, दार धाडकन आपटलं, कडी बसली.

मग ते जमिनीवर बसले आणि तारलीचं डोकं चाचपत राहिले. "हाय ना?" विचारायचे. "हाय ना गो?"

दुसऱ्या दिवशी सामान हललं. जेटीवर जाळी ठेवायच्या खोलीला माळा होता, तिथे. खाली बर्फाचं मशीन, चोवीस तास माणसं आणि शिव्या. माझ्या हिशेबी राहण्यालायक नाही. पण तारली जेवायला लागली. मला जेटीवर दिसली तेव्हा बांगड्याचं डोकं तोंडात धरून मिरवत होती.

तांडेल गेल्या वर्षी वारले, झोपेतच. तारलीला बोटीवरच्या माणसांनी ठेवून घेतलंय.

शिरगावच्या घराला अजून कुलूप होतं. परवा मालकाने फोन केला, एक कुटुंब बघायला येणार, लहान मूल आहे. त्यांच्या आधी मी एकटी गेले, भर दुपारी. मागचं दार उघडलं, लोटून आकड्याला अडकवलं आणि का कोण जाणे, उंबऱ्यात उकिडवी बसले. तिथून मान वर केली की भिंत दिसतच नाही. दिसतो तो फक्त भिंतीचा माथा, आणि माथ्यामागची अंधारी बाग. तारली त्या पहिल्या दिवशी तेच बघत होती.

उठताना मानेला काहीतरी घासलं. दोर. मी किंचाळले, धडपडत आत पडले.

दोरच होता. बोटीवरचा, निळा. एक टोक आकड्याला, दुसरं दाराच्या कडीत घट्ट गाठ मारलेलं, मधला भाग चौकटीवरून आत आणलेला, म्हणजे बाहेर न जाता दार ओढून घेता यावं. सामान न्यायला आले तेव्हा तांडेल कधीतरी हे करून गेले असणार. मला बोलले नव्हते.

वर बागेत पाचोळा वाजला. वारा असेल. मी बघितलं नाही. आतूनच दोर ओढला. आकडा सुटला आणि दार लागलं.