उघडता न येणारी बंदूक

ती घटना आठवायला मला जुनी डायरी चाळावी लागत नाही. चाळलीच, तर तिच्यात पंचनामा, जबाब, आवक-जावक क्रमांक सगळं सापडेल. एक गोष्ट मात्र मी तेव्हा लिहिली नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. लग्नसराईतल्या एका दुपारी ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. फटाका फुटून जखमी झालेला एक सनईवाला आणला होता. डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.

"सोबतचे सगळे फटाकाच म्हणतायत," डॉक्टर म्हणाले. "पण मी तळहातातून छर्रे काढलेत. तुमच्या हद्दीत फटाक्यात छर्रे घालत असतील तर कळवा."

सनईवाला चाळिशीचा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "फटाकाच व्हता, साहेब."

"कुणी लावला?"

"फटाक्याला कुटं मालक असतोय?" मग त्याने बँडेजकडे बघितलं. "दादांचं नाव घेतलं तर पंचक्रोशीत लग्नाची सुपारी कोण दील आमाला? आन् सुपारी घिऊन तरी आता वाजवनार कशानं?"

दादा म्हणजे आणे पठारावरचे एक वजनदार गृहस्थ. लग्न त्यांच्याच मुलाचं होतं. शेवटचं मंगलाष्टक संपलं की वरबापाने दारात बंदुकीचा बार काढायचा, ही या घराण्याची पिढीजात रीत, असं मला गावात तिघांनी सांगितलं. बंदूक घेऊन दोन वर्षं झाली होती.

हवालदाराला घेऊन मी मांडवात पोहोचलो, तेव्हा पंगती चालू होत्या. बसायच्या आत दादांनी एका गड्याला दंडाला धरून पुढे केलं. "हा बघा, साहेब. यानंच उडावली. जरा येडाय."

"मीच, साहेब," गडी म्हणाला. मी अजून काही विचारलंच नव्हतं. खोटी कबुली देणारा माणूस प्रश्नाच्या आधी उत्तर देतो, हे कुठल्याही हवालदाराला विचारा.

ही युक्ती दादांना ज्या कुणी सुचवली, त्या सल्लागाराचंही मला कौतुक वाटलं. बिनपरवाना माणसाच्या हाती बंदूक देणं हाही परवानेदाराचा गुन्हाच, हे त्या विद्वानाला ठाऊक नव्हतं.

टॉवेलात गुंडाळलेली दुनळी बंदूक माजघरातून आली. जप्तीच्या वेळी पंचांसमोर हत्यार उघडून मोकळं करावं लागतं. मी नळ्या जमिनीकडे धरल्या आणि गड्याला विचारलं, "किती बार काढलेस?"

"एकच."

"ही उघडायची कुठून, दाखव."

त्याने बंदुकीला एक प्रदक्षिणा घातली. वाकून दस्त्याच्या बुडाशी बोट लावलं. "हितं इस्क्रू आसंल," तो म्हणाला. हवालदार तोंडाला रुमाल लावून मांडवाबाहेर गेला.

"दादा, मग तुम्ही दाखवा."

दादांनी फेटा सारखा केला. "ते आमचं मेव्हणं बघत्यात."

मेव्हणे फौजेतून निवृत्त झालेले होते. पंगतीतून हात धुऊन आले, अंगठ्याने खटका सरकवला आणि बंदूक मधोमध वाकवली. दोन्ही नळ्यांत रिकामी काडतुसं होती.

"सकाळी दोनी नळ्या भरून देताना सांगितलं व्हतं न्हवं, दाजी? दोन हाईत म्हनून?"

"पर मी येकच बार काढला व्हता," दादा म्हणाले.

पंगतीतला वाढपी जागच्या जागी थांबला. गडी खाली बसला आणि त्याने मोठा श्वास सोडला.

पुढचं दादांनी आपणहून सांगितलं. एक बार हवेत उडाला. फटाक्यांची माळ चालू होती. फोटोवाल्याने बंदूक आडवी धरायला सांगितली. "येकदा उडाली की मोकळी झाली आसं वाटलं, साहेब." बोट दुसऱ्या नळीच्या घोड्यावर होतं आणि समोर चार पावलांवर सनईवाला बसला होता.

फोटोत दादांचा चेहरा छान आला होता. तो फोटो मी पुराव्यात लावला.

आता न लिहिलेली गोष्ट. परवान्याची फाइल मागवली, तर त्यात ठाण्याचा शिफारस अहवाल होता: सातबारा पाहिला, रानडुकरांचा उपद्रव आहे, अर्जदाराविरुद्ध गुन्हा नाही, वर्तणूक चांगली, बंदूक ठेवायला कुलपाचं कपाट आहे, परवाना देण्यास हरकत नाही. खाली सही माझी होती. दादांच्याच ओसरीवर बसून, त्यांचाच चहा पिऊन मी ती केली होती. मोपेड चालवायची तर सरकार माणसाला मैदानात आणून चालवून दाखवायला लावतं. बंदुकीला फक्त कपाट लागत होतं. या माणसाला बंदूक उघडता येते का, असा रकानाच अर्जात नव्हता, आणि रकाना नसलेला प्रश्न मलाही सुचला नाही.

त्यानंतर निवडणुकीच्या आधी बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या, तेव्हा मी प्रत्येक मालकाला टेबलासमोर उभं करून ती उघडायला सांगू लागलो. नळीत कोळ्याचं जाळं असलेले निघाले, घोडा ओढून "उघडत न्हाई" म्हणणारेही निघाले. आठवड्यात एका पुढाऱ्याची तक्रार वर गेली. प्रतिष्ठित नागरिकांची परीक्षा घेण्याचा अधिकार कुणी दिला, याचा लेखी खुलासा माझ्याकडे मागण्यात आला. अधिकार कुणी दिला नव्हता, हे खरंच होतं. हल्ली प्रशिक्षणाचा दाखला लागतो म्हणतात. तो कसा मिळतो हे मला विचारू नका.

दादांना शिक्षा झाली, परवाना रद्द झाला. भर मांडवात स्वतःची बंदूक उघडता आली नाही, याचंच त्यांना जास्त लागलं.

काही वर्षांनी पेठ गावी एका लग्नात तो सनईवाला भेटला. आता सनई त्याचा पुतण्या वाजवत होता. हा मागे बसून पिपाणीवर नुसता सूर धरत होता. तेवढ्याला उरलेली बोटं पुरत होती.

"तपास लई चांगला केलात, साहेब," तो म्हणाला.

मग मला राहवलं नाही. त्या परवान्याची शिफारस माझीच होती, हे मी त्याला सांगितलं.

तो चिडला नाही. पिपाणी पुसत म्हणाला, "त्यास्नी उडवून दावा म्हनला न्हाई का?"

"नाही."

"ह्या लग्नाची सुपारी द्यायच्या आदी पोरीच्या बापानं आमाला घरी बोलावलं, साहेब. तासभर वाजवून घेतलं. मग हो म्हनला."

पुतण्याने मागे वळून पाहिलं. काकाने पिपाणी ओठाला लावली आणि सूर धरला.