तरस बरं दिसतं

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, नारायणगावच्या एका चित्रपटगृहात, दुपारच्या खेळाच्या उत्तरार्धात माझे वडील आणि त्यांचे धाकटे चुलतभाऊ एकमेकांशी बोलले. त्याआधी नऊ वर्षं ते बोलले नव्हते. वडील म्हणाले, "ह्यो लांडगा न्हाई, तरस हाय." काका म्हणाले, "तरस बरं दिसतं, दादा."

मी वडिलांच्या शेजारी बसलो होतो. पहिला संवाद एवढाच झाला. वडिलांचं वाक्य काकांसाठी होतं की पडद्यासाठी, याबद्दल आजही दोन मतं आहेत. मुद्दा किरकोळ नाही. जो आधी बोलेल तो हरला, असं दोन्ही घरांत धरलेलं होतं.

अबोला बांधावरच्या सीताफळावरून सुरू झाला. पिंपरी पेंढारला आमची आणि काकांची घरं एका भिंतीची आणि रानं एका बांधाची आहेत. झाडाचं खोड आमच्या बाजूला होतं, फांद्या त्यांच्या बाजूला. फळं कोणाची, हा प्रश्न होता. पुढे झाड वाऱ्यात पडलं. तेव्हा खोड उचलायचं कोणी, हा प्रश्न झाला. अबोला फक्त पुरुषांचा होता. आई आणि काकू रोज बोलत. परसातल्या भिंतीवरून कालवणाची वाटी जात-येत असे आणि दोन्हीकडचे पुरुष, कालवण कोणाचं हे न विचारता, ते खात.

या काळात दोन्ही घरांत एकच सिनेमा पाहिला जात होता. नेमकं सांगायचं तर एका सिनेमाचे अनेक भाग. मूळ इंग्रजी, टीव्हीवर हिंदीत. एका बाजूला रक्त पिणारी पिशाच्चं : काळे लांब कोट, दोन्ही हातांत बंदुका, राहायला किल्ला. दुसऱ्या बाजूला माणसाचे लांडगे होणारे लोक, राहायला गटार. दर भागात दोन्हीकडचे बरेच मरतात आणि पुढच्या भागात तितकेच पुन्हा जमतात. एका भागात असं उघड झालं की दोन्ही कुळं एकाच म्हाताऱ्याची आहेत. पिशाच्चं थोरल्या बायकोची, लांडगे धाकटीचे. म्हातारा मेलेला नाही. किल्ल्याच्या तळघरात कुलपात आहे, आणि खरं काय ते त्यालाच माहीत आहे.

वडील त्या दिवशी पाटावरून अर्धवट उठले आणि म्हणाले, "आरं, ही तर भावकी हाय! वाटणी झालेली न्हाई ह्यांची."

तिथून पुढे त्यांनी ती मालिका जुन्नरच्या कोर्टातल्या दाव्यासारखी पाहिली. आम्ही पिशाच्चांचे, कारण आमचं घर आधीचं. काकांकडचे लोक अर्थातच लांडगे. पलीकडची माहिती आईला काकूंकडून मिळाली. काकाही स्वतःला पिशाच्चांत धरत होते. त्यांच्या हिशेबाने गटार आमच्याकडे होतं.

भिंत एक असल्यामुळे एका टीव्हीचा आवाज दुसऱ्या घरात ऐकू येई. काकांचा टीव्ही आमच्यापेक्षा एक श्वास मागे चालत असे. आमच्या घरात लांडगा ओरडला की लगेच तोच लांडगा त्यांच्या घरात ओरडे. काका याचं खापर जवळच्या खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींवर फोडत. "आकाशातलं समदं त्यांनीच ओढून घेतल्यावर आमाला काय उरतंय?" असं त्यांनी काकूंना सांगितलं होतं. याला खोडदहून दुजोरा मिळालेला नाही.

वडिलांनी या एका श्वासाचा उपयोग केला. कोणी महत्त्वाचं मेलं की ते भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणत, "मेला!" पलीकडे काकांना तो माणूस अजून जिवंत दिसत असे. नऊ वर्षांत भिंतीपलीकडे गेलेला वडिलांचा हा एकमेव शब्द. तो बोलण्यात धरायचा नाही, असं दोन्ही बाजूंना मान्य होतं.

यंदा बहिणीचं लग्न ठरत आलं. स्थळ आंबेगाव तालुक्यातलं, महाळुंगे पडवळचं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते, पत्रिका जुळली होती, बोलणी झाली होती. मुलाचे वडील बटाटा आणि कांदा करतात. उठता उठता ते म्हणाले, "पावणं, एकच सांगतो. आमच्यात मांडवात भावकी पुढं लागती. तुमची शेजारची चूल दिसली न्हाई आज. लोकं आमाला विचारत्यात. तेवढं तुमी बघा, मग सुपारी फोडू."

वडिलांनी बघतो म्हटलं. ते गेल्यावर बहीण स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्या दिवशी तिने थापलेली भाकरी कोणत्याच बाजूने गोल नव्हती. वडील काकांशी बोलायला तयार नव्हते. त्यांची भूमिका अशी होती की बोलायला हरकत नाही, फक्त आधी त्यांनी बोलावं. काकूंमार्फत समजलेली काकांची भूमिका शब्दशः हीच होती.

मार्ग मुलाच्या वडिलांनीच काढला, पण तो मार्ग आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बैठकीत टीव्हीचा विषय निघाला तेव्हा त्यांना कळलं होतं की आमच्याकडेही ती मालिका बघतात. त्यांनी फोन केला. "नवा भाग लागलाय नारायणगावला. समदी मिळून बघू. भावकीलाबी आणा." आईने निरोप भिंतीवरून दिला. काका आले. पुतणीच्या लग्नासाठी आले की तळघरातल्या म्हाताऱ्यासाठी, याची खातरजमा होऊ शकलेली नाही.

दुपारचा खेळ निवडला, कारण परतीच्या रस्त्याला दोन्हीकडे ऊस आहे आणि दिवस मावळल्यावर तिथे बिबट्या बसलेला असतो. वडील आणि काका वेगवेगळ्या गाड्यांवर आले. रांगेत आधी मी, मग वडील, मग आई, मग काकू, मग काका, मग मुलाचे वडील. बहीण आणि नियोजित वर मागच्या रांगेत होते. आई आणि काकू मधे बसल्या होत्या, ते ठरवून.

सिनेमा वाईट होता.

मागचा भाग संपला तेव्हा नायिका तळघराच्या दारासमोर किल्ली घेऊन उभी होती. दोन्ही घरांनी त्या दाराची वाट पाहिली होती. वडिलांचा अंदाज होता की म्हातारा थोरलीच्या बाजूने बोलेल. नव्या भागात पहिल्याच प्रसंगात एक अनोळखी पिशाच्च दुसऱ्याला सांगतं, "बूढ़ा तो कब का मर गया." दार दाखवलंच नाही. किल्लीचा उल्लेख नंतर आला नाही.

नायक बदलला होता. आधीचा काळा होता, हा गोरा होता, आणि सगळे त्याला जुन्याच नावाने हाक मारत होते. लांडग्यांच्या म्होरक्याचा आवाजही बदलला होता. मागच्या भागांत तो विहिरीतून आल्यासारखा येई. आता तो ओळखीचा वाटत होता. सगळ्यांच्या आधी काकांनी ओळखला.

"ह्यो ठिबकच्या जाहिरातीतला हाय," ते काकूंना म्हणाले.

त्यानंतर म्होरक्या गंभीरपणे म्हणाला, "आज रात ख़ून बहेगा," तेव्हा आमच्या रांगेत सगळ्यांना ते थेंब थेंब वाहील असं वाटलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अनुदान मिळंल का?" चित्रपटगृहात पहिल्यांदाच हशा पिकला.

मध्यंतरात आई आणि काकू बाहेर गेल्या आणि आत आल्या नाहीत. बाहेर बाकड्यावर वारं चांगलं लागत होतं, असं दोघींनी नंतर सांगितलं. वडील आणि काकांच्या मधे दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. वडिलांनी एकीवर टोपी ठेवली. काकांनी दुसरीवर टॉवेल ठेवला. समोर एक उंच माणूस येऊन बसला तेव्हा काका टॉवेलाच्या खुर्चीवर सरकले. वडिलांच्या खुर्चीची स्प्रिंग वर आली होती. त्यांनी टोपी मांडीवर घेतली आणि एक खुर्ची पलीकडे गेले. मीही सरकलो. आता मधे काही नव्हतं.

मग मोठा लांडगा आला. त्याच्यासाठी पोस्टरवर निम्मी जागा दिली होती. पाठीला कुबड, अंगावर जागोजागी केस गेलेले, मागचे पाय आखूड. तो छपरावरून खाली आला. आमच्याकडे बिबट्या गोठ्याच्या कौलांवरून उतरताना बहुतेकांनी पाहिलेला आहे. जनावर उडी मारायच्या आधी मागे दबतं, अंग गोळा करतं. हा उभाच्या उभा आला, गच्चीवरून सतरंजी टाकल्यासारखा.

तेव्हा वर दिलेली दोन वाक्यं बोलली गेली.

त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत दोघं थांबले नाहीत.

"पडला बग, पडला. आन ह्याला लागलंबी न्हाई."

"लागंल कसं दादा? आत भुसा भरलाय."

"ती बाई कुठं गेली? मगाशी जखमी व्हती."

"पार्लरला."

"आगं बया, परत गोळी घातली त्याला! ह्यो मागच्या भागात मेला व्हता का न्हाई?"

"तुमीच तर वरडला व्हता, मेला म्हणून."

वडिलांनी मांडीवरची टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "तवा मेला व्हता."

शेवटी पिशाच्चं आणि लांडगे यांच्यात घनघोर लढाई होणार, म्हणून दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी केली. नायिका मधे गेली आणि म्हणाली, "बस. अब और नहीं." दोन्हीकडच्यांनी शस्त्रं खाली टाकली. दिवे लागले.

बाहेर रसवंतीवर सगळे बसलो. आई आणि काकू आल्या. दोघींनी नवऱ्यांना एका बाकावर बसलेलं पाहिलं आणि एकमेकींकडे पाहायचं टाळलं. बहीण उभीच होती. मुलाचे वडील आलं-लिंबाचा रस घेऊन आले आणि म्हणाले, "मला तर लई आवडला."

 चरकाचा आवाज येत होता.

वडिलांनी विचारलं, "काय आवडलं म्हणायचं?"

"शेवट. समदी एक झाली. डोळ्यात पाणी आलं राव माझ्या."

"एक झाली, पर कशापायी?" काका म्हणाले. "कारण सांगितलं का कोणी? एवढ्या भागांचं भांडण. बाई मधी उभी ऱ्हायली, पुरे म्हणली, झालं. असं मिटतंय व्हय भांडण?"

"म्हातारा काय बोलला असता, ते तरी ऐकवायचं," वडील म्हणाले. "वाटणी न्हाई, मोजणी न्हाई, पंच न्हाई. आमी काय येडे म्हणून इतकी वर्सं बघितलं?"

"भांडणाला काय किंमत हाय का न्हाई?" काका म्हणाले.

नियोजित वर रसाच्या ग्लासात पाहत होता. बहिणीने ओढणीचं टोक हाताला गुंडाळलं होतं आणि ते आणखी गुंडाळत होती. आईने वडिलांचा सदरा मागून ओढला. त्यांच्या लक्षात आलं नाही.

मुलाच्या वडिलांनी ग्लास खाली ठेवला. "बरं," ते म्हणाले. "मग तुमचं कसं मिटलं?"

वडिलांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चरकाकडे पाहिलं.

"आमचं मिटलंय, कोण म्हणलं?" काका म्हणाले.

"मिटलेलं न्हाई," वडील म्हणाले.

"मग मांडवात भावकी?"

"पोरीच्या लग्नाचा आन बांधाचा काय संबंध?" काका म्हणाले. "मांडवात मी पुढं असंल. पंगतीला वाढायला मी, पावण्यांना टोप्या घालायला मी. बांधाचं बांधावर बघू."

मुलाच्या वडिलांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बहीणही त्यांच्याकडेच पाहत होती. "मंग झालं की," ते म्हणाले. "पर पिच्चर चांगला व्हता."

"नव्हता," वडील आणि काका म्हणाले. दोघांचा आवाज एकाच वेळी आला.

सुपारी पुढच्या गुरुवारी फुटली. लग्न माघात लागलं. काका मांडवात पुढे होते. मंगलाष्टकं चालू असताना ते आणि वडील एका बाजूला उभे राहून बोलत होते. विषय ठिबक होता की म्होरक्या, ते वाजंत्र्यांमुळे ऐकू आलं नाही. आधी कोण बोललं, यावर दोघांची विधानं परस्परविरोधी आहेत आणि दोघंही ती पाहुण्यांना सांगतात. व्याह्यांनी सिनेमाबद्दलचं आपलं मत बदललेलं नाही. सीताफळाचं खोड बांधावरच आहे.

उन्हाळ्यात तो भाग टीव्हीवर आला. रविवारची दुपार होती. काका आमच्या घरी येऊन पाटावर बसले. त्यांचा टीव्ही बंद होता, त्यामुळे लांडगा एकदाच ओरडला. पहिल्या जाहिरातीला दोघं तंबाखू मळायला ओट्यावर गेले. सिनेमा पुन्हा सुरू झाला. ते बाहेरच बोलत बसले, आत आले नाहीत. टीव्ही आईने बंद केला.