टॉमची उठायची सवय

“परत उठला!” कोच क्लाउस यांनी टेबलावर पेन आपटलं. मी व्हिडिओ पॉज केला. स्क्रीनवर आमचा टॉम एक गुडघा टेकून, चेंडू छातीशी धरून थांबला होता.

डार्मश्टाटजवळच्या एका रग्बी क्लबमध्ये मी व्हिडिओ अॅनालिस्ट आहे. म्हणजे मॅच पाहायची, तिच्या क्लिप कापायच्या आणि कोण कुठे चुकला ते दाखवायचं. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. आईला वाटतं, मुलाला टीव्ही बघायचा पगार मिळतो. फारसं चूक नाही.

टॉम इंग्लंडचा. तिकडे तो नऊ वर्षं रग्बी लीग खेळला, तेरा जणांची. आमची रग्बी युनियन, पंधरा जणांची. लीगमध्ये पाडलं की समोरचा तुम्हाला सोडतो; तुम्ही उठायचं आणि चेंडू पायाने मागे सारायचा. युनियनमध्ये पडलात की चेंडू लगेच सोडायचा. धरून उठू लागलात तर पेनल्टी. चार मॅचमध्ये टॉमने अशा सहा दिल्या होत्या. आणि त्याची प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला चाचणीचा काळ, संपत आली होती.

“शनिवारी एकदा जरी उठला, तरी मी त्याला ठेवू शकणार नाही,” एवढं बोलून क्लाउस गेले.

मी टॉमला बोलावून सहाही क्लिप दाखवल्या.

“नियम पाठ आहे रे,” तो म्हणाला. “अंगाला कोण सांगणार?”

तेवढ्यात विसरलेलं पेन न्यायला क्लाउस परत आले. मी ताडकन उभा राहिलो. तालुक्याच्या शाळेत गुरुजी वर्गात आले की उठायचो. जर्मनीत तीन वर्षं काढूनही ते सुटलं नव्हतं.

“सुहास, बस. इथे कोणी सर नाही.”

“हो सर.”

ते गेल्यावर टॉम पोट धरून हसला. “माझ्या सहा क्लिप. तुझ्या किती निघतील?”

तेव्हा आमचं ठरलं. त्याने पडून राहायचं, मी बसून राहायचं.

आठवडाभर क्लाउस आले की मी खुर्चीचे हात घट्ट धरायचो. “पाठ दुखतेय का?” त्यांनी एकदा काळजीने विचारलं. सरावात टॉम पडला की मी कॅमेऱ्यामागून ओरडायचो, “खाली!” हा एक मराठी शब्द त्याला पक्का झाला.

शनिवारी शेवटच्या मिनिटाला आम्ही दोनच गुणांनी पुढे होतो. पेनल्टी दिली असती तर समोरच्यांना तीन गुणांची किक मिळून मॅचही गेली असती. आमच्याच गोलसमोर टॉमला पाडलं. त्याचा गुडघा उचलला गेला.

“खाली!”

गुडघा टेकला. चेंडू सुटला. आमच्या माणसाने तो उचलून मैदानाबाहेर मारला, आणि वेळ संपल्यामुळे मॅच तिथेच थांबली. जिंकलो.

सोमवारी क्लाउस टॉमचा करार घेऊन आले. टॉम पाय पसरून मजेत बसून होता.

“पेनल्टी,” माझ्याकडे बघत तो म्हणाला.

मी उभा होतो.

सवय मोडायला नियम पाठ असून भागत नाही. ओरडणारं माणूस लागतं, आणि ते वेळेवर ओरडावं लागतं.