अब्बांची मंजुरी

अब्बा गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा लॅपटॉप बंद पडला. बटण दाबलं की आत काहीतरी टकटक करायचं, मग गप्प.

त्यात अब्बांचा आवाज होता. तरुणपणी ते आखातात ट्रक चालवायचे आणि तिथून अम्मीला पत्रं पाठवायचे. अम्मीला वाचता येत नाही. कधी शेजारीण, कधी पोस्टमन वाचून दाखवायचा. नवऱ्याचं बोलणं परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं, हे तिला जन्मभर सलत होतं. म्हणून शेवटच्या हिवाळ्यात अब्बांनी सगळी पत्रं स्वतः वाचून लॅपटॉपवर रेकॉर्ड केली. कागद पार विरले होते. वर अल्लाचं नाव लिहिलेलं, ते कचऱ्यात टाकता येत नाहीत, म्हणून धरणाच्या पाण्यात सोडून दिले. रोज दुपारी अम्मी एक पत्र ऐकायची. त्याची कॉपी काढून ठेवायचं मी रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं.

लॅपटॉपला वाढीव वॉरंटी होती. मी फोन लावला आणि खरं ते सांगितलं, की वॉरंटी ज्यांच्या नावावर आहे ते वारले. पलीकडच्या बाईंनी हळहळ व्यक्त केली, वारसाचे कागद मागितले आणि तासाभरात मेसेज आला: ग्राहक उपलब्ध नाही, तक्रार बंद. डोक्यात तिडीक गेली. पिरंगुटच्या एखाद्या दुकानात उघडून घ्यावा, तर सील तुटून वॉरंटी जाणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. "आम्हाला ग्राहकाशीच बोलायचंय." मी जरा थांबलो, आवाज खाली उतरवला आणि म्हणालो, "बोलतोय."

माझा आवाज अब्बांवरच गेलाय, बाजारात लोक फसायचे. पण पुढचे तीन आठवडे जे झालं ते मला आवडलं नाही. इंजिनिअर आमच्या अलीकडच्या भुकूमपर्यंत येऊन परत गेला म्हणे. मग 'घर बंद होतं' असा मेसेज आला, आणि मी दारातच बसलेलो. मी माणूस तापट, एरवी फोनवर धिंगाणा घातला असता. पण त्या आवाजात भांडताच येईना. "असू द्या, तुमचंबी काम हाय," असं आपोआप तोंडून निघायचं. हे अब्बांचं बोलणं, माझं कधीच नव्हतं. एकदा मध्येच खोकला आला, तोही त्यांचाच.

फोन चालू असला की अम्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. डोक्यावर पदर, नजर खाली. माझ्याकडे बघायची नाही. फोन ठेवला की आत जायची. एकदा म्हणाली, "आज लवकर ठिवला." खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटू लागली होती.

शेवटच्या फोनवर त्या बाई हिंदीतून भराभर काहीतरी वाचून दाखवत होत्या. डिस्क बदलावी लागेल, जुनी कंपनीकडे जमा होईल, त्यातलं काही परत मिळणार नाही, मंजूर आहे का? मी असतो तर किंचाळलो असतो. "मंजूर, मंजूर," अब्बा म्हणायचे तसं मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्याचा अर्थ डोक्यात शिरला तेव्हा संध्याकाळ झाली होती. परत लावला, तर लाइन बंद. सकाळी कारखान्यातून लावत राहिलो. कोणी उचलेना.

घरी आलो तर लॅपटॉप टेबलावर सुरू होता. पडदा स्वच्छ निळा, आत काहीच नाही.

"जुनी डिस्क?"

"सायेब घिऊन गेला," अम्मी म्हणाली. "म्हनला, मालकाची मंजुरी हाय. म्या म्हटलं, व्हय, म्या सोता ऐकलीय."

"अगं, त्यात पत्रं होती!"

"ठाव हाय." ती शांत होती. "त्यांनीच व्हय म्हटलं ना? त्यांचं त्यांनी न्हेलं. आपून कोन अडवनार?"

तो मी होतो, अम्मी, असं सांगायला मी तोंड उघडलं. आवाज त्यांचाच निघाला.

"बोला की," अम्मी म्हणाली आणि माझ्यासमोर खाली बसली.