पडद्यामागून पाहिलेली लढाई

लढाईचा चांगला सिनेमा कोणता, असं दिराची नातवंडं मला मुद्दाम विचारतात, म्हातारीची गंमत करायला. मी सांगते, कोणताही बघा, पण पडद्याच्या पुढून बघा.

मी एकच पाहिला, जवळा बाजारला, मोठ्या लढाईच्या काळात. सरकारी मोटार आली आणि दवंडी पिटली, सिनेमा फुकट. फुकट म्हटलं की मी आधी खोट शोधते. सासरे तर साफ म्हणाले, "फुकट दाखवून पोरं नेतेत. काहून जायचं?" पण आमच्या घरचं पोरगं आधीच गेलं होतं. माझा नवरा पलटणीत होता आणि दिवाळीपासून त्याची काही खबर नव्हती. सासूचं अन्नावरचं मन उडालं होतं. ती म्हणाली, "लढाईच दाखवून राहिले न? मग त्यात असंल तो."

पडदा मैदानात मधोमध बांधलेला. पुरुष पडद्यापुढं, बाया पडद्यामागं, अशीच रीत होती. मला त्या चित्राचा पहिल्यापासून संशय. सगळे शिपाई हसत होते, भरपेट जेवत होते, मरत कुणीच नव्हतं. ही लढाई की लग्नाची पंगत?

तेवढ्यात एका शिपायानं डाव्या हातानं बाँब भिरकावला. माझा नवरा डावखुरा. पाखरं हाकलताना गोफणही डाव्याच हातानं फिरवायचा. धुरात तोंड काही दिसलं नाही. सासूनं माझं मनगट आवळलं. "माझं लेकरू! पाहिलंस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मग एका साहेबानं सलाम ठोकला, तोही डाव्या हातानं. पाठोपाठ सगळी पलटणच डावखुरी निघाली. आम्ही मागून बघत होतो, म्हणून उजवं ते डावं दिसत होतं. मला त्या पडद्याचा असा राग आला की फाडून टाकावा वाटला.

परतताना सासू भेटेल त्या बाईला सांगत सुटली, "लढाईचा सिनेमा बघाच माय, चुकवू नगा." मग मला म्हणाली, "तुला बी दिसला न?"

दुधात पाणी शोधणारी मी. म्हणाले, "व्हय, आत्याबाई. दिसला."

घरी आल्यावर ती पोटभर जेवली.

तो आला नाही. गाव काय ते समजून गेलं, पण सासूचं एकच, माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, जिता आहे. तिनं माझं कुंकू पुसू दिलं नाही. पुढं ती गेली. तिला पोचवून मंडळी परतली, तेव्हा मी आत जाऊन कपाळ पुसलं आणि हंबरडा फोडला. सासूवर भारी माया होती हिची, असं बाया म्हणाल्या.